परमिट दिसला तेव्हा आलेली हाक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसलोय. नागपूरला आमच्या घरी अमावस्येला मुद्दाम नखं कापली जायची. बाबा शाळेत फिजिक्स शिकवायचे, भुताचा विषय निघाला की म्हणायचे, "त्याला म्हणावं प्रयोगशाळेत ये." मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. लॉगमध्ये दिसत नाही ते घडलंच नाही, असं मानणारा. त्यामुळे आज इथे लिहायला बसलोय याची जरा लाज वाटतेय... पण खरी लाज ती नाही. ती वेगळीच आहे.

गोष्ट २००६ च्या मे महिन्यातली. मी तेव्हा ॲन आर्बरला एका छोट्या कंपनीत होतो, एच-वन व्हिसावर, एकटाच. तिथल्या मराठी मंडळींमध्ये दाते काका आणि सुमन काकू म्हणजे आम्हा सगळ्या एकट्या पोरांचं हक्काचं घर. काका मूळचे सांगलीचे, साठच्या दशकात आलेले, भूल देणारे डॉक्टर. रिटायर झाले होते. वय एकाहत्तर. "आयुष्यभर माणसं झोपवली, आता मासे जागे करतो," असं म्हणायचे.

कारण काकांना एकच वेड होतं — मासे धरण्याचं. तेही खाण्यासाठी नाही. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. काकू कोकणातल्या, त्यांना हा शुद्ध अपराध वाटायचा. काका दरवर्षी फ्लोरिडा कीजला जायचे. तिथे समुद्रात मैलोन् मैल उथळ पट्टे आहेत, त्यांना फ्लॅट्स म्हणतात. गुडघाभर पाणी, काचेसारखं स्वच्छ, खाली पांढरी वाळू आणि गवत. भरतीचं पाणी चढायला लागलं की मोठे मासे तिथे खेकडे खायला येतात. तुम्ही हातात लांब लवचिक रॉड घेऊन, पिसांचा आणि केसांचा बनवलेला खोटा खेकडा त्यांच्या नाकासमोर टाकायचा. एक पाऊल जोरात पडलं, सावली हलली, की मासा गायब.

त्यातला सगळ्यात अवघड मासा म्हणजे परमिट. पापलेटाचा दांडगा चुलतभाऊ समजा, चांदीच्या परातीएवढा, काळी शेपटी. "आम्ही इथे वर्क परमिटसाठी मरतोय आणि तुम्ही कसल्या परमिटच्या मागे लागलाय काका," असं मी चिडवायचो. चौदा वर्षं ते त्या माशाच्या मागे होते. एकदाही हाताला लागला नव्हता.

त्या वर्षी काकांचं बीपी वाढलेलं, त्यामुळे काकूंनी ट्रिप कॅन्सल करायला लावली होती. मग तोडगा निघाला — मी सोबत जायचं. हिवाळ्यात काकांनी मला एका शाळेच्या रिकाम्या जिममध्ये कास्टिंग, म्हणजे रॉडनं दोरी लांब फेकायला, शिकवलंच होतं, दोरीच्या टोकाला लाल लोकर बांधून. एअरपोर्टवर निघताना काकू म्हणाल्या, "नितीन, यांना नजरेआड करू नकोस हं. स्वतः डॉक्टर ना, कुणाचं ऐकत नाहीत."

"काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. हे माझे शब्द. नीट आठवतात.

आमच्या गाइडचं नाव डेल. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला अगदी कमी. काकांना तो 'डॉक' म्हणायचा. पहिले दोन दिवस काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा जोरात होता. काका बोटीच्या टोकावर उभे राहून टाकत होते, पण दोरी सारखी वाऱ्यानं मागे येत होती. "आज हात चालत नाहीये रे," ते दोन-तीनदा वैतागून म्हणाले. हे त्यांचं नेहमीचंच वाक्य. जिममध्येसुद्धा जमेना की हेच म्हणायचे.

साडेदहाच्या सुमारास डेलनं बोट एका टणक तळाच्या फ्लॅटच्या कडेला आणली, काठी वाळूत रोवून तिला बांधली. इथे उतरून चालायचं होतं. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा बसतो, पाणी पितो." टोपी पुढे ओढून ते बाकावर बसले. मी विचारलंसुद्धा, "बरं वाटतंय ना?"

"अरे जा ना, पाणी चढतंय. मासा थांबणारे का तुझ्यासाठी?"

मी गेलो. डेल माझ्या उजवीकडे, दोन हातांवर. पाय घासत चालायचं, कारण वाळूत विषारी काट्याचे पाकट मासे दडलेले असतात. वारा समोरून, तोंडावर. असं करत आम्ही बोटीपासून तीनेकशे यार्ड आलो असू. आणि डेलनं माझा दंड धरला. समोर, साधारण साठ फुटांवर, पाण्याबाहेर एक काळी शेपटी उभी होती. उन्हात चमकत, हळूहळू डोलत.

"परमिट," डेल पुटपुटला. "हलू नकोस."

आणि तेव्हाच मला मागून हाक ऐकू आली.

"नितीन... अरे, हात चालत नाहीये."

काकांचा आवाज. लांबून ओरडल्यासारखा नाही... अगदी डाव्या खांद्याच्या मागून, जसं कोणी पाण्यात शेजारी उभं राहून बोलावं. मी वळून बघितलं. मागे कोणी नाही. लांब बोट, बोटीत काका, तसेच बसलेले. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मला वाटलं, रुसलेत. परमिट मला दिसला आणि त्यांना नाही, म्हणून.

मी पुन्हा पुढे बघितलं. शेपटी आता चाळीस फुटांवर.

"नितीन, हात चालत नाहीये रे."

"येतो काका, पाच मिनिटं!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

डेलनं माझ्याकडे बघितलं. "कोणाशी बोलतोयस?"

"डॉक बोलावतायत."

तो थांबला. कान देऊन ऐकलं. "मला तर काही ऐकू येत नाही. वारा समोरून आहे... परत जायचं का?"

आता हे लिहायला मला दोन वर्षं लागली. डेलनं विचारलं होतं. त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा समोर असताना त्या माणसानं मला विचारलं, परत जायचं का. आणि मी म्हणालो, "नाही नाही, ते ठीक आहेत. त्यांचं असंच असतं."

मी रॉड उचलला आणि टाकला. आयुष्यात इतका सरळ कधीच पडला नव्हता. खेकडा माशाच्या पुढे दोन फुटांवर बसला. शेपटी थरथरली, मासा वळला, आणि दोरी ताठ झाली. पुढचं नीट सांगता येणार नाही — रीळ किंचाळत होतं, पाणी फुटत होतं, डेल पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडत होता. त्या गडबडीत तिसरी हाक आली. या वेळी नुसतं नाव.

"नितीन."

मी मागे न बघता ओरडलो, "थांबा ना यार!"

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला. ज्यानं मला तो रॉड धरायला शिकवला होता त्याला.

मासा हाती यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. डेलनं माझ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला, मग आम्ही त्याला पाण्यात सोडला. मी उड्या मारत बोटीकडे निघालो. मनात हे चाललेलं की काकांना सांगायचं कसं... वाईट वाटेल त्यांना. बोट जवळ आली तशी डेलची चाल बदलली, मग तो पळायलाच लागला.

काका बाकावर उजवीकडे कलले होते. डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात बोटीच्या कडेवरून खाली लोंबत होता, बोटं पाण्यात बुडालेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं. ओठ हलवले, पण नुसता घरघर आवाज.

डेलनं रेडिओवरून कळवलं, बोट कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण पळतच आली आणि मला विचारलं, "यांना नीट बोलताना शेवटचं कधी ऐकलंत? वेळ सांगा, औषध त्यावर ठरतं."

माझ्या हातांना अजून माशाचा वास येत होता. मी म्हणालो, "आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा. साडेदहाला." डेल शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं.

नंतर बाहेर पार्किंगमध्ये मात्र म्हणाला, "मला काही ऐकू आलं नव्हतं. पण तुला आलं होतं." एवढंच. हात न मिळवता तो गेला.

काका वाचले. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित हात वाचला असता... कदाचित, नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी काकू आल्या. मला बघितल्याबरोबर रडायला लागल्या, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तू होतास म्हणून वाचले रे." मी काही बोललो नाही. पुढे दीड वर्ष, घरी कोणी आलं की काकू हेच सांगायच्या, आणि मी चहाच्या कपात बघत बसायचो. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तर सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं.

काकांचं इंग्रजी जवळजवळ गेलंच. मराठी तुकड्यातुकड्यानं परत आलं. पुढच्या वर्षी एका रविवारी काकू बाहेर गेल्या होत्या, मी काकांजवळ बसलो होतो. धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी बोटीतून तुम्ही मला हाक मारली होती का?"

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "छे. तोंड... उघडेना. बसलो... आणि गेलंच सगळं. मनात... तुला सांगत होतो. सारखं. नितीन... हात... चालत नाहीये."

तेच शब्द.

"मोठ्यानं नाही म्हणालात?"

"एक... अक्षर नाही." मग डाव्या हातानं माझा गुडघा थोपटला. "तुला कसं... ऐकू येणार. केवढं... लांब. तुझी... काय चूक." आणि जरा थांबून, अर्ध्या चेहऱ्यानं हसत म्हणाले, "परमिट... मोठा होता ना? बघितला मी. पाणी... उडालेलं."

म्हणजे ते बघत होते. पूर्ण वेळ. मनातल्या मनात मला हाका मारत, मला तो मासा धरताना बघत होते. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, काका, मला ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "हो काका, मोठा होता."

या वर्षी जानेवारीत न्यूमोनियानं काका गेले.

माझा एक मित्र आहे, मानसशास्त्र शिकलेला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, तू उतरतानाच त्यांचा चेहरा बघून काहीतरी टिपलं असशील, मेंदूनं त्याला आवाज दिला. वाक्य तर सकाळीच ऐकलेलं होतं. पटण्यासारखं आहे. पण मी स्वतःच विचारलं होतं त्यांना बरं वाटतंय का, आणि मला चेहऱ्यात काहीच दिसलं नव्हतं. शिवाय सकाळी ते "आज हात चालत नाहीये" म्हणाले होते, माझं नाव घेऊन नाही. आणि मेंदूनंच सांगितलं म्हणावं, तरी मी ऐकलं नाहीच ना?

हे छापायला देण्याआधी मागच्या शनिवारी मी काकूंकडे गेलो आणि इथपर्यंतचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. वाचताना मान वर केली नाही. वाचून झालं, कागदांची घडी घातली. मला वाटलं, आता म्हणतील, चालता हो.

त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"नेहमीचा, काकू."

"अडखळत होता?"

"नाही. अगदी स्वच्छ. जरासा वैतागलेला."

"दीड वर्ष मी त्या आवाजाची वाट बघितली," काकू म्हणाल्या. "ते जाईपर्यंत पुन्हा ऐकू आला नाही. तुला आला, आणि तू थांबा म्हणालास."

त्या उठल्या, माझ्यासमोरचा कप उचलला. जाता जाता म्हणाल्या, "दे छापायला. नावं तेवढी बदल. बाकी काही बदलू नकोस."

म्हणून नावं बदलली आहेत. त्या वाऱ्यात, त्या अंतरावरून, न उघडलेल्या तोंडातून ती हाक माझ्यापर्यंत कशी पोचली, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त मला भास झाला होता असं म्हणून माझी सुटका करू नका. मला ऐकू आलं होतं.