गढीच्या अकरा विटा

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या घरामागे आमचं अंगण होतं, पण सगळं फरशीचं. दिवाळीचा किल्ला करायला ना माती, ना दगड. लेक आठ वर्षांची. पुण्याच्या भावंडांचे किल्ले तिने फोनवर पाहिले होते आणि तिलाही हवा होता.

सायकलच्या वाटेवर एका जमीनदाराची गढी होती. म्हणजे गढीची जागा. चौकोनी खंदक, त्यात बदकं, मधल्या गवतात बोटभर वर आलेल्या भिंतींच्या रेघा. पाटीवरची खंदकाची लांबी-रुंदी मी वाचली, लेकीला सांगितली. खालचा डच मजकूर मोठा होता, तो सोडला. एका भिंतीच्या टोकाशी काही विटा सुट्या दिसल्या. अकरा घेतल्या. सायकलच्या पिशव्यांत तेवढ्याच मावल्या.

घरी आणून तारेच्या ब्रशने घासल्या, चिकटलेला चुना पार निघेपर्यंत. महाराजांच्या सिंहासनाखाली अस्वच्छ वीट कशी ठेवायची? किल्ला देखणा झाला. वर ओल्या गोणपाटावर पेरलेलं अळीवही दाट उगवलं.

फराळाला शेजारच्या आजी आल्या, निवृत्त शिक्षिका. चकली खात खात किल्ल्यापुढे वाकल्या आणि उरलेली चकली त्यांनी ताटलीत ठेवली.

"या विटा गढीच्या ना?"

लेकीने अभिमानाने डचमध्ये सगळं सांगून टाकलं, नेमक्या कुठल्या टोकाच्या तेसुद्धा.

"ते टोक आम्ही याच उन्हाळ्यात उघडलं," आजी म्हणाल्या. गावातली काही म्हातारी माणसं शनिवारी तिथे खोदतात आणि या त्यांतल्याच, हे मला तेव्हा कळलं. "तिथे स्वयंपाकघर होतं. मूळचं, की मागून जोडलेलं, ते चुन्यावरून ठरवणार होतो." त्यांनी एक वीट उलटसुलट केली. "चुना कुठे गेला?"

मी अंगणातल्या गटाराच्या जाळीकडे बघितलं.

"पाण्याचं मीटर रोज वाचतोस," बायको मराठीत पुटपुटली, "पाटी नाही वाचता आली तुला."

आजींनीच मला सांभाळून घेतलं. गढी पाडली तेव्हा अख्ख्या गावाने विटा नेल्या होत्या. त्यांच्या पणजोबांचा गोठा त्याच विटांचा. "तुम्ही जरा उशिरा आलात, एवढंच!" सगळे हसले. मला हसू येईना. पणजोबांना गोठा हवा होता. मी चुना घासला तो नुसत्या टापटिपीपायी.

भाऊबीज झाल्यावर किल्ला मोडला आणि शनिवारी विटा परत नेल्या. कुठली वीट कुठे होती ते मला सांगता येईना, लेकीलाही नाही. म्हाताऱ्यांनी त्या ओळीत लावल्या. बाकीच्या विटांवरून ठरेल का, असं मी विचारलं.

"दोन भिंतींचा जोड होता तो याच टोकाला," आजी म्हणाल्या आणि मला थर्मासमधली कॉफी दिली.

पुढच्या वर्षी तिथे नवी पाटी लागली. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली, अडलेले शब्द लेकीला विचारत. स्वयंपाकघरापुढे लिहिलं होतं: काळ सांगता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं.