सुधाकरची काडेपेटी

सुधाकर गेल्याचं सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसलो होतो. पांढरकवड्यातलं हे आमचं आठ बाय सहाचं दुकान, स्टार्टर नि पॅनल दुरुस्तीचं. पंचवीस वर्षं आम्ही इथं पाठीला पाठ लावून बसलो, आणि त्यातली बरीचशी मी त्याच्यावर मनातल्या मनात जळफळत काढली. महिना झाला, आता कबूल करतो.

कारण होतं एक ऑप्टोकपलर. नखाएवढा काळा तुकडा. आत एका बाजूला इवलासा दिवा, समोर उजेड ओळखणारा भाग, दोघांना जोडणारी तार मात्र नाही. बटन दाबलं की दिवा लागतो, उजेड पलीकडे पोचतो, मशीन सुरू होतं. पण पलीकडची जबर वीज बटनापर्यंत येऊ शकत नाही.

कापसाचे ते वाईट दिवस. भाव पडलेले, जिनिंगबाहेर गाड्यांची रांग, आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसचा हाच तुकडा जळाला. सुधाकर बाभुळगावला गेलेला. मालक मानगुटीवर बसला, तसं मी तार टाकून दोन्ही बाजू जोडून दिल्या... प्रेस चाललं. मालकानं वर्षभराचं काम कबूल केलं.

सकाळी सुधाकरनं येऊन तार उपटली.

“काहून?” मी ओरडलो. “दोन दिवसांचीच तं गोष्ट होती!”

“अन् बटन कोन दाबते? मारोती. घामानं हात ओले असते त्याचे. पाह्यलं का तुनं?”

नागपूरहून तुकडा येईस्तोवर प्रेस बंद राहिलं. रांगेतल्यांच्या शिव्या खाल्ल्या, काम गेलं, मग कोणत्याच जिनिंगनं आम्हाला दारात उभं केलं नाही. मी या खोलीत अडकलो तो अडकलोच. सुधाकर त्या दिवसापासून खिशात काडेपेटी बाळगू लागला, आत दोन ऑप्टोकपलर. त्या तारेबद्दल मात्र पुन्हा चकार शब्द बोलला नाही.

सुधाकरच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्या नावानं ठेवलेल्या वंदनेला नि जेवणाला, मारोती पंगतीत पाणी वाढत होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. माझा पेला भरताना त्याचे ओले हात समोर आले आणि मी उचललेला घास परत पानात ठेवला. मी माणूस मारला असता... आणि राग धरला तो सुधाकरवर!

निघताना वहिनींनी काडेपेटी हातात ठेवली.

काल एक पंपवाला आला, त्याच्या पॅनलमधलाही हाच तुकडा जळालेला. म्हणाला, “तार टाकून दे ना गा, उद्यापर्यंत.” मी काडेपेटी उघडली. आता आत एकच उरला आहे, आणि मी अजून स्टुलाकडे पाठ करूनच बसतो.