जावेच्या कॉफीतले कोळी

धाकट्या जावेचं काहीही माझ्यापेक्षा बरं झालं की माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं, आता वय झालंय म्हणून तोंडावर दिसू देत नाही, एवढंच.

धाकटा दीर फौजेत. एकदा सुट्टीवर येताना त्याने कर्नाटकातल्या कोडगूहून कॉफीची रोपं आणली आणि वाईच्या वर, डोंगरउतारावरच्या आमच्या रानात आम्हा दोघी जावांना सारखी वाटून दिली. मध्ये बांध, अलीकडे माझी कॉफी, पलीकडे तिची.

माझं माहेर आटपाडीकडचं, डाळिंबाच्या बागांचं. तिथे बागेत तण दिसलं की बाई आळशी ठरते. तीच शिस्त मी इथे लावली. वरची जांभळं, पांगारे छाटून ऊन मोकळं केलं, भांगलण कधी चुकवली नाही, पाला गोळा करून पेटवला, आणि एखादा किडा दिसला की पंप पाठीवर घेतलाच. जावेकडे बघावं तर गच्च सावली, गुडघाभर गवत, कुजका पाला.

"अगं, सापांना घर बांधून देतीयास का?" मी बांधावरून विचारायचे.

ती हसायची. "आवं आक्का, मला कुठं जमतंय तुमच्यावानी."

हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझी पानं तांबूस पडली. उलटी करून पाहिली तर तिखट सांडावं तसे, पानांचा रस शोषणारे बारीक लाल कोळी. फवारलं. आठ दिवस कमी झाले आणि मग दुप्पट आले. परत फवारलं, परत तेच. पलीकडे तिची कॉफी हिरवीगार. कुणीही रानात आलं की आधी तिच्या झाडांकडे वळायचं. खरं सांगते, माझी बाग वाळतेय यापेक्षा तिची वाळत नाही, याने माझा जास्त जळफळाट व्हायचा.

मग मी जे केलं, ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. एका दुपारी ती बाजाराला गेलेली पाहून मी कोळ्यांनी भरलेल्या फांद्या तोडल्या, बांध ओलांडला आणि तिच्या झाडांत आतवर खोचून आले.

पंधरा दिवस रोज सकाळी डोकावत होते. काहीच झालं नाही. त्याच सुमारास कृषी सहायक आले. मी त्यांना आधी तिच्याच रानात नेलं. "हिच्या झाडांवर पण कोळी असणार, नीट बघा," म्हटलं. जाऊ शेजारीच उभी होती.

त्यांनी पान उलटं करून माझ्या हातात भिंग दिलं. मधल्या शिरेला बाजूची शीर फुटते, तिथे इवलासा खळगा होता. त्यातून एक फिकट कोळी तुरुतुरु बाहेर आला आणि त्याने लाल कोळ्याला धरलं.

"हे राखणदार," ते म्हणाले. "सावलीत, पाल्यात टिकतात. फवारणी केली की आधी हेच मरतात."

घरी जाता जाता मी माझी पानं पाहिली. खळगे तसेच होते, सगळे रिकामे.

दुसऱ्या दिवशी जाऊ तिच्या कॉफीच्या पाटीभर हिरव्या डहाळ्या घेऊन आली आणि न विचारता माझ्या झाडांना सुतळीने बांधायला लागली.

"तुला कुणी सांगितलं गं हे?" मी खेकसले.

"तुमीच की," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या फांद्या माझ्या झाडांत घावल्या, तवाच कळलं, फांदीसंगं कोळी बी जात्यात, अन् तुमची बाग लय आजारी हाय. आक्का, नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं."

 मी खाली बसले आणि तिला सुतळी तोडून देऊ लागले.

फवारणी थांबवली, सावली वाढू दिली, हळूहळू बाग सावरली. आता लोक माझीही कॉफी बघायला येतात. कसं जमवलंत, विचारतात. मी सावलीचं सांगते, पाल्याचं सांगते. त्या डहाळ्यांचं माझ्या तोंडून निघत नाही. जाऊ शेजारी उभी असते. तीही काही बोलत नाही. तिच्या कॉफीचा नाही, तिच्या त्या गप्प राहण्याचा मला आता हेवा वाटतो.