वॅट, घोडा आणि पुरण

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सायखेड्यात, माझ्या सासरी, पुरणाने भरलेला मिक्सर आणि घरचा इन्व्हर्टर एकाच क्षणी बंद पडले. जबाबदार व्यक्ती : मी.

मेहुणीचे डोहाळजेवण होते. चांदवडहून तिच्या सासरची माणसे दीडला पानावर बसणार होती आणि देखभालीसाठी वीज बंद होती. सासूबाईंनी विचारले, "जावईबापू, इन्व्हर्टरवर मिक्सर चालंल का?"

एवढेच विचारून त्या थांबल्या. मी थांबलो नाही! (वर्तमानपत्रात वीस वर्षे काढली की माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, चौकट देतो.)

"वॅट हे एका स्कॉटिश इंजिनीअरचं आडनाव. तो वाफेची इंजिनं विकायचा. गिऱ्हाईक विचारायचं, हे किती घोड्यांचं काम करील? म्हणून त्यानं घोड्याची ताकद मोजली. ती अश्वशक्ती. पुढे त्याच्या नावानं छोटं माप ठरलं. एक घोडा म्हणजे साधारण सातशे सेहेचाळीस वॅट. आपला मिक्सर साडेसातशेचा. म्हणजे ओट्यावर घोडाच उभा आहे!"

"आमच्या विहिरीवरल्या मोटरीत पाच हाईत," सासरे म्हणाले. "लाइट गेली का एक बी खिंकाळत नाय."

"पण पुरण वाटंल का?" सासूबाई.

इन्व्हर्टरवर नऊशेचा आकडा होता. "वर दीडशे उरतील!" मी जाहीर केले. (आकड्यापुढे वॅट नव्हते, व्हीए होते, वॅट त्याहून कमी मिळतात. शिवाय मोटर सुरू होताना जास्त ओढते. दोन्ही गोष्टी मी नंतर वाचल्या.) बटण दाबले. मिक्सर गुरगुरला, इन्व्हर्टर किंचाळला, पंखा थांबला.

सासूबाईंनी माळ्यावरून पुरणयंत्र काढले आणि दांडा माझ्या हातात दिला.

"पाव्हणं, तुम्ही किती वॅटचे?" सासऱ्यांनी विचारले.

"माणूस सलग राबला तर... पंच्याहत्तर," मी धापा टाकत म्हणालो.

"म्हंजे घोड्याचा दहावा हिस्सा. फिरवा, फिरवा!"

मी मागच्या पडवीत बसून फिरवत होतो, बायका आत पोळ्या लाटत होत्या. एक वाजता पुरण संपले. पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर आत दिवा!

"वीज कधी आली?"

"बारालाच," सासूबाई म्हणाल्या. "पण यंत्राचं पुरण लय मऊ निघत व्हतं. म्हटलं, चालू हाय तर चालू द्यावं."

दीडला पंगत बसली. माझ्या उजव्या हाताची बोटे वळत नव्हती. डोहाळजेवणाचा पहिला घास चांदवडच्या मंडळींसमोर मला भरवण्यात आला.