तांदळासारखी निवडलेली जमीन

फुलबसियाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. मॉरिशसच्या वरच्या पठारावर त्या वेळी धुकं असं असतं, की मजुरांच्या कँपातल्या नळाकडे हात पुढे करून चाचपडत जावं लागतं. ती चूल पेटवायची, नवऱ्याला, रामौतारला, भिंतीला टेकवून बसवायची, त्याच्या पायाला तेल चोळायची, फराटे, म्हणजे तिकडच्या पोळ्या, भाजायची. मग चुंबळ कमरेला खोचून आमच्या टोळीत यायची.

आमची टोळी दगडांची. कोठीच्या, म्हणजे साखर कंपनीच्या, उसाच्या रानातले दगड पुरुषांनी पहारीने उपटायचे, बायकांनी डोक्यावरून वाहून बांधाला गडगा रचायचा. मी पहारीवर होतो. पहार दगडाच्या बुडाशी घालायची आणि जोर कमरेचा लावायचा, हातांचा नाही. हातांवर काम करणारा चाळिशीत बसतो.

वरचं रान खालच्यासारखं नाही. खाली समुद्राकडे माती खोल आणि चिकट. वर मात्र निम्मी माती, निम्मे गोटे. मुठीएवढे, हरभऱ्याएवढे, काळे, तपकिरी, भोकाभोकांचे. काही इतके कुजलेले की बोटांत चुरा होतो. पाऊस पडला की पाणी चाळणीतून जावं तसं खाली जातं, पायाला चिखल लागत नाही. आणि एवढं सगळं वीत-दोन वीत, त्याखाली कातळ. आज साफ केलेल्या ओळीत पुढच्या नांगरटीला पुन्हा गोटे वर येतात.

टोळीचा मुकादम, सरदार गोकुल, बायकांचं काम चपलेच्या टोकाने माती उकरून तपासायचा. फुलबसियाच्या ओळीत त्याला कधी काही सापडलं नाही.

"ही बाई जमीन निवडते की तांदूळ?" तो म्हणायचा. मजुरी सगळ्यांएवढीच द्यायचा.

रामौतारचा पाय उसाच्या गाडीखाली गेला आणि घोळ झाला. कँपातली खोली कोठीवर दोन माणसं कामाला जाणाऱ्या घरालाच मिळायची. कोठीच्या साहेबाने काही महिने कानाडोळा केला. मग तिला बोलावून सांगितलं, की घळीच्या वर एक पडीक पट्टी आहे. ती लाव. पुढच्या तोडणीला तिथं ऊस उभा दिसला, तर पट्टी निम्म्या वाट्याने जन्मभर तुझी, तिथंच झोपडी घाल. नाही दिसला, तर खोली सोड.

शेजारची पट्टी आरिस्तीदची होती. म्हातारा क्रिओल, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातला, आधी कोळसा पाडायचा. आम्ही सगळे त्याला तोंतों म्हणायचो, म्हणजे काका. पहिल्याच रविवारी तो काठी टेकत आला.

"पोरी, मोठे काढ. बारीक राहू दे."

"कशाला तोंतों? उसाला दात घासायला?"

"पावसात माती धरतात ते."

"तुमच्या रानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मला शिकवताय! कंबर वाकत नाही म्हणा की सरळ."

"वाकत नाही हे खरंच आहे," म्हातारा म्हणाला आणि गेला.

आमच्यातल्या कुणीही त्याचं ऐकलं नसतं. आम्हाला आयुष्यभर मजुरी मिळाली ती दगड कमी करण्याची.

टोळीचं काम संपवून ती रोज वर जायची. मोठे गोटे हातांनी, मधले दाताळ्याने, बारीक खडी चाळणीने. रविवारी रामौतारला पाठीवर घेऊन जायची आणि पोत्यावर बसवायची. त्याचा हात पोचेल तेवढ्या घेरातली खडी तो वेचायचा. घेर संपला की ती पोतं ओढून त्याला पुढे सरकवायची.

"मला उचलून गडग्यावरच ठेव," तो म्हणायचा. "दगडांत खपून जाईन."

"तू कसला खपतोस? दगड गप्प तरी बसतो."

काम झाल्यावर टोळीतल्या बायका मुद्दाम बघायला गेल्या. गोकुलही गेला. त्याने तीन ठिकाणी चपलेने उकरलं, मग चपला काढून हातात घेतल्या आणि पट्टीवरून चालत गेला. ऊस झपाझप वर आला. तोंतोंच्या उसापेक्षा हातभर उंच.

उन्हाळी पाऊस सुरू झाला तशी त्या मातीवर सारवल्यासारखी पापडी धरली. पाणी मुरेना, वरून वाहायला लागलं. ती सऱ्या पाडून ते वळवत राहिली. मग वादळ आलं.

वादळ ओसरेपर्यंत आम्ही कोठीच्या दगडी गोदामात होतो. बाहेर पडल्यावर मी तिच्याबरोबर वर गेलो. पट्टी नव्हती. खरवडलेल्या तव्यासारखा कातळ होता. ऊस मुळांसकट घळीत पडला होता आणि त्याच्यावर तिची माती. शेजारी तोंतोंचा ऊस आडवा झाला होता, पण मुळं गोट्यांत घट्ट होती.

ती टोपली घेऊन घळीत उतरली. ओली माती दगडापेक्षा वाईट. दगड डोक्यावर बसतो, माती गळून डोळ्यांत येते आणि चढावर पुसायला हात मोकळा नसतो. मी जमेल त्या रविवारी गेलो. तोंतोंने उसाचं बेणं दिलं. वर आणलेली माती पसरून झाल्यावर ती स्वतःचाच गडगा मोडायला लागली. महिनोन् महिने वेचलेली खडी पाटी पाटी परत टाकायला लागली.

"तोंतों, किती जाड टाकू?"

"टाक कशीही, पोरी. खाली माती उरली असली तर उपयोग."

तोडणीच्या वेळी साहेब आला. ऊस गुडघ्याएवढा होता, पिवळा. गोकुल टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, पुढच्या हंगामापर्यंत थांबलं तर..."

"बोली या हंगामाची होती," साहेब म्हणाला.

खोली गेली. फुलबसिया नणंदेच्या स्वयंपाकघरात झोपायला लागली. तिथं दोघांना जागा नव्हती. रामौतारला समुद्राकाठच्या धर्मादाय आश्रमात पाठवलं. गाडीत चढवताना तो म्हणाला, "तिकडे सगळी वाळू आहे म्हणे. तुझ्या हातांना तिथं काही काम नाही."

"गप बस," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

हात चालत होते तोवर ती टोळीत राहिली. नणंदेला देऊन जे उरायचं त्यातून रविवारचं बसचं तिकीट निघायचं, जायचं आणि यायचं, आणि आश्रमाच्या फाटकाबाहेर विकायला बसलेल्या बाईकडून कागदाच्या पुडीत उकडलेल्या शेंगा. आश्रमात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नसत. त्या ती पदराखाली न्यायची.