मुलाखतीच्या दुपारी काळी स्क्रीन

मुलगी शाळेत जायला लागली तशी मी पुन्हा नोकरी शोधू लागले. लॅपटॉप जुना, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकली होती. मानकोलीच्या एका गोदामातल्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीआधी वाय-फाय सारखं तुटायला लागलं. ते सुधारेल म्हणून घाईघाईत अपडेट करून सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवं टाकलं. लॅपटॉप परत सुरू केला, तर स्क्रीन काळीच.

“काय झालं गो?” सासऱ्यांनी दारातून विचारलं.

“मीच बिघडवलं, बाबा.”

बटण दाबून लॅपटॉप बंद केला आणि सुरू होताना येणाऱ्या मेन्यूतून जुनं कर्नल निवडलं. स्क्रीन आली, पण आता वाय-फाय दिसेचना. मग सासऱ्यांचा मोबाईल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं.

“कुनाचा फोन आला तं?”

“उचलू नका. केबल हलू देऊ नका.”

मोबाईल मांडीवर घेऊन ते जागचे हलले नाहीत. मुलाखत सुरू झाली, पण पहिलाच प्रश्न मला पुन्हा विचारायला सांगावा लागला. केबल सुटेल या धास्तीने नजर सारखी तिकडेच जायची.

नोकरी मिळाली. पण अजूनही अपडेटची सूचना आली की मी ती बंद करून टाकते.