हिंमतरावांची न्यूट्रल गल्ली

दिल्लीत पहाडगंजात आमच्या गल्लीत गाडी लावायची तर नियम एकच. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही, काचा वर करून निघून जायचं. पुण्याहून नवा आलेला माणूस हे ऐकून दचकतो. त्याला वाटतं, मागे आपली गाडी कोणीतरी ढकलत नेणार. बरोबरच वाटतं त्याला, नेतातच. नेणाऱ्याचं नाव हिंमतराव.

हिंमतराव फौजेत ट्रक चालवायचे. पेन्शनीत निघाल्यावर गावी गेले आणि सहा महिन्यांत परत आले. त्यांची बायको शेवंता म्हणते, शेतात यांना ढकलायला काही सापडलं नाही. अकरा वर्षं झाली, आमच्या लॉजच्या गॅलरीखाली त्यांची प्लास्टिकची खुर्ची आहे. सकाळी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, किती वाजता जाणार? उशिरा जाणारा आत, लवकर जाणारा बाहेर. अशा चाळीस गाड्या बंपरला बंपर. मधलीच कोणी मागितली की पुढच्या मागच्या सरकवून वाट करून देतात. मी तिसरीपर्यंत शिकले, पण आमच्या मास्तरांनाही हे गणित जमलं नसतं.

यंदा स्टेशनकडचा सगळा भाग नवा करायला काढला. अर्धी गल्ली खणली, पत्रे ठोकले. ठेकेदाराचा सुपरवायझर, विक्रांत नावाचा, येऊन म्हणाला की उरलेली अर्धी पण रिकामी करा, इथे आमचं सामान पडणार, पार्किंग दोन वर्षं बंद. हिंमतरावांनी कागद मागितला. कागदावर वेगळंच निघालं. गाड्या लावूनही ॲम्ब्युलन्स जाईल एवढी वाट राहत असेल तर पार्किंग चालू ठेवायचं. राहते की नाही ते बघायला इंजिनिअर बाई बुधवारी अकराला येणार.

माझा मुलगा हरीश हळूच त्यांना म्हणाला, "काका, कशाला भांडता? लॉजवर काउंटरला बसा."

"हरीश, बसायचंच असतं तर गावी काय ओटा नव्हता?"

बुधवारी पावणेअकराला विक्रांतची पांढरी गाडी आली आणि गल्लीच्या तोंडाशीच आडवी उभी राहिली. हँडब्रेक लावलेला, गाडी गिअरमध्ये, आणि किल्ली घेऊन ड्रायव्हर छोले-कुलचे खायला गेलेला. मुद्दाम की चुकून, ते देवाला ठाऊक. मी गॅलरीत होते. मला विक्रांतचा चेहरा फार शांत वाटला.

इंजिनिअर कृतिका मॅडम आल्या तोवर मागे रिक्षा, स्कूटर, हातगाड्या तुंबून भोंगे सुरू झाले होते. विक्रांत म्हणाला, बघा मॅडम, रोजची हीच हालत आहे.

हिंमतराव पुढे झाले. "मॅडम, ये रोज का नहीं है. ये इनका है."

किल्ली मागितली तर ड्रायव्हर फोन उचलेना. गाडी ढकलून बघितली, हलली नाही. मग हिंमतरावांनी बाह्या वर केल्या आणि हाका मारल्या. ऊसरसवाला आला, समोरचा शिंपी आला, दोन हमाल, आमचा हरीश, लॉजवर उतरलेले नाशिकचे तिघे. मीही जिना उतरले. सगळे म्हणाले, आजी, तुम्ही बाजूला बसा. चाळीस वर्षं या गल्लीत काढली, आता बाजूला कुठे बसू? बंपरला हात लावला. माझ्या हाताने काय उचललं जाणार, पण हात होता.

हिंमतराव फौजेतल्या आवाजात "एक, दो, उठा" म्हणाले आणि गाडीचं ढुंगण वर आलं. वीतभर सरकलं. मग पुढून उचलली, मग परत मागून. दहा-बारा खेपांत गाडी पत्र्याला समांतर उभी. विक्रांत नुसता "स्क्रॅच नको, स्क्रॅच नको" करत फिरत होता.

मॅडमनी टेप काढून वाट मोजली. ॲम्ब्युलन्स जाऊन वर हातभर उरत होती. मग त्यांनी अगदी आतली निळी गाडी दाखवली आणि म्हणाल्या, ती काढा. घड्याळ बघत उभ्या राहिल्या. गाड्या एकेक करून मागेपुढे सरकल्या आणि निळी तिसऱ्या मिनिटाला रस्त्यावर.

विक्रांत म्हणाला, आज जमलं, रोज कसं जमणार?

"अकरा वर्षं रोज हेच करतोय साहेब. बघितलंत तुम्ही आज."

आठवड्याने ऑर्डर आली. खोदकाम या बाजूला पोचेपर्यंत पार्किंग राहणार. कधी पोचेल कोण जाणे. हिंमतरावांना विचारलं तर म्हणाले, येऊ दे, तेव्हा बघू, काकू. आणि खुर्ची पत्र्याच्या आणखी जवळ ओढून बसले.

परवा विक्रांत स्वतः गाडी घेऊन आला. मुकाट्याने न्यूट्रलमध्ये टाकली.

"किती वाजता जाणार?"

"सहा."

"मग आत."

साहेबांना चारलाच घाई झाली. हिंमतरावांनी चहा संपवला, उठले आणि पुढच्या सात गाड्या एकेक करून सरकवल्या. इतकं सावकाश ढकलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.